पोलीस व फौजदारी न्यायालयीन अभिलेख (ग्रामीण महाराष्ट्र)

पोलीस व फौजदारी न्यायालयीन अभिलेख म्हणजे गुन्ह्याची खबर मिळाल्यापासून खटल्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत पोलीस ठाणे, दंडाधिकारी आणि न्यायालय यांच्याकडे तयार होणाऱ्या नोंदी व कागदपत्रे होत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे अभिलेख एकाच ठिकाणी सापडत नाहीत. खबर ठाण्यात, दोषारोपपत्र तालुक्याच्या न्यायालयात, गंभीर गुन्ह्याचा निकाल सत्र न्यायालयात आणि प्रतिबंधक कारवाईचे कागद तहसील कार्यालयात, अशी त्यांची वाटणी झालेली असते. एखाद्याचे नाव घालताच त्याच्यावरील सर्व गुन्हे व खटले दिसतील अशी सर्वसामान्यांना खुली असलेली नोंदवही देशात अस्तित्वात नाही. या कारणाने शोधाचा आरंभ नावापासून न करता क्रमांकापासून करणे श्रेयस्कर ठरते.

या अभिलेखांची गरज केवळ वकिलांना वा वार्ताहरांना पडते असे नाही. अपघातात कर्ता पुरुष गमावलेल्या कुटुंबाला नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी खबर व पंचनामा लागतो. सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने किंवा पाण्यात बुडून शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात अनुदान योजनेखाली पोलिसांची किंवा पोलीस पाटलाची नोंद मागितली जाते. पोलीस भरतीस बसणाऱ्या तरुणाला गावातील जुन्या भांडणात आपले नाव कोणत्या स्वरूपात नोंदले गेले आणि त्या प्रकरणाचा शेवट काय झाला हे अचूक सांगावे लागते. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली असे स्पष्ट केले, की अटक, प्रलंबित खटला, दोषसिद्धी वा निर्दोष मुक्तता यांविषयी उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. क्षुल्लक प्रकरणात नियोक्त्याला सौम्य दृष्टी ठेवता येते, मात्र लपवाछपवी उमेदवाराला भोवू शकते. अशा वेळी निकालाची खरी नक्कल हाती असणे आणि नसणे यांत नोकरी मिळण्या-न मिळण्याइतके अंतर पडते.

ग्रामीण पोलीस यंत्रणा

मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तालय असते. उर्वरित जिल्ह्याचे पोलीस दल जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या अधिकाराखाली चालते. त्याखाली उपविभागीय पोलीस अधिकारी, मग पोलीस ठाणे आणि ठाण्याखाली दूरक्षेत्रे व बिटे अशी उतरंड असते. गावपातळीवर पोलीस पाटील हा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला दुवा होय. पोलीस पाटील घटनेची वर्दी ठाण्याला देतो, परंतु गुन्हा नोंदवण्याचा अधिकार त्याला नसतो. दूरक्षेत्रात सांगितलेली हकीकतही नोंदीसाठी मुख्य ठाण्याकडेच जाते. शोधकर्त्याने गाव आज कोणत्या ठाण्याच्या हद्दीत आहे एवढेच पाहून भागत नाही, तर घटनेच्या वर्षी ते कोणत्या हद्दीत होते हे पाहावे लागते. चाकण परिसर पूर्वी पुणे ग्रामीण पोलिसांकडे होता, तो २०१८ साली नव्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात गेला. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचा भाग होता. हिंगोली परभणीतून आणि वाशीम अकोल्यातून वेगळा झाला. अशा फेररचनेपूर्वीच्या प्रकरणाचे कागद कधी जुन्या जिल्ह्याच्या मुख्यालयी आढळतात.

ठाण्यातील नोंदी

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ठाण्यात प्रथम खबर अहवाल तयार होतो व त्याला गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळतो. व्यवहारात तो ‘गु.र.नं.’ असा लिहिला जातो. ठाण्याचे नाव, हा क्रमांक आणि वर्ष ही त्रयी पुढील संपूर्ण शोधाची गुरुकिल्ली होय. क्रमांक दरवर्षी नव्याने सुरू होत असल्याने वर्षावाचून तो निरुपयोगी ठरतो. जुन्या कागदांवर क्रमांकाच्या आधी रोमन लिपीतील भाग-अंक दिसतो. तो गुन्ह्याच्या वर्गीकरणाचा निदर्शक असून नक्कल मागताना तोही जसाच्या तसा उतरवून घ्यावा.

अदखलपात्र गुन्ह्याची नोंद वेगळ्या नोंदवहीत होते. लोक तिला ‘एन.सी.’ म्हणतात. बांधावरची शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशा प्रकरणांत बहुधा एवढीच नोंद होते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना पुढे तपास करता येत नाही. गावात ‘केस झाली होती’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते, आणि न्यायालयात मात्र काहीच सापडत नाही, याचे एक नेहमीचे कारण हे आहे. आकस्मिक मृत्यूची नोंद तिसऱ्या प्रकारची. तिचा क्रमांक ‘अ.मृ.’ या संक्षेपाने दर्शवतात. विहिरीत बुडणे, विषप्राशन, गळफास अशा घटनांत इन्क्वेस्ट पंचनामा व शवविच्छेदन अहवाल या क्रमांकाखाली असतो. चौकशीत घातपात निष्पन्न झाल्यास नवा गु.र.नं. पडतो. या सर्वांखेरीज ठाण्याची दैनंदिनी असते. ललिता कुमारी खटल्याच्या २०१३ मधील निकालानुसार ठाण्यात आलेल्या दखलपात्र गुन्ह्यासंबंधीच्या प्रत्येक माहितीची नोंद या दैनंदिनीत झाली पाहिजे. ‘आमची तक्रार घेतलीच नाही’ असे म्हणणाऱ्यास म्हणूनच तारीख व वेळ सांगून दैनंदिनीतील नोंद मागता येते.

प्रथम खबरीची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हा हक्क पीडित व्यक्तीलाही दिला. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते हेही याच कलमात आले. तपासाची प्रगती ९० दिवसांत खबर देणाऱ्याला वा पीडिताला कळवावी, असे कलम १९३ सांगते. खबरीची एक प्रत दंडाधिकाऱ्याकडेही जाते, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. ठाण्यातून प्रत मिळेनाशी झाली तर न्यायालयातून ती मागण्याचा मार्ग त्यामुळे खुला राहतो.

युथ बार असोसिएशन ऑफ इंडिया विरुद्ध भारत सरकार या याचिकेवर ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रथम खबर २४ तासांत संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचे निर्देश दिले. दुर्गम प्रदेशातील संपर्काची अडचण ध्यानी घेऊन ही मुदत ४८ तास आणि कमाल ७२ तासांपर्यंत वाढवण्याची सवलत ठेवली गेली. लैंगिक गुन्हे, बालकांवरील लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशा संवेदनशील खबरी प्रसिद्ध होत नाहीत, आणि तो निर्णय उपअधीक्षकाच्या खालील दर्जाच्या अधिकाऱ्याला घेता येत नाही. आरोपीला ठाण्यातून २४ तासांत आणि न्यायालयातून दोन कार्यालयीन दिवसांत प्रमाणित प्रत मिळावी, असेही या निकालात म्हटले आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे व दिनांक यांच्या आधारे प्रसिद्ध खबरी शोधता येतात.

तपास अधिकाऱ्याची केस डायरी मात्र यांपैकी कशातच मोडत नाही. न्यायालयाला ती मागवता येते. आरोपीला वा त्याच्या वकिलाला ती मागण्याचा हक्क नाही.

दोषारोपपत्र आणि समरी

तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात अंतिम अहवाल पाठवतात. पुरेसा पुरावा असल्यास तो दोषारोपपत्राच्या रूपात असतो. न्यायालय आरोपीला वाचून दाखवते तो दोषारोप आणि पोलीस दाखल करतात ते दोषारोपपत्र या भिन्न गोष्टी असून वृत्तपत्रांत त्यांची सर्रास गल्लत होते. दोषारोपपत्राची प्रत, साक्षीदारांचे जबाब व पंचनामे आरोपीला विनामूल्य मिळतात. नव्या संहितेच्या कलम २३० नुसार वकील नेमलेल्या पीडितालाही ते मिळतात व त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. तिऱ्हाइताची स्थिती वेगळी आहे. सौरव दास विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी २० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही असे ठरवले. संकेतस्थळावर ते शोधणे त्यामुळे व्यर्थ होय.

पुरावा नसल्यास महाराष्ट्रात ‘समरी’ मागण्याची जुनी पद्धत आहे. गुन्हा खरा परंतु आरोपी वा पुरावा सापडला नाही, तर ‘अ’ समरी. खबर खोटी आढळली तर ‘ब’. गैरसमजातून दिलेली वा दिवाणी स्वरूपाची निघाली तर ‘क’. चोरीस गेलेल्या मोटारपंपाचे किंवा बैलांचे पुढे काय झाले याचे उत्तर पुष्कळदा ‘अ’ समरी या दोन शब्दांत दडलेले असते. अशा गुन्ह्याला नियमित खटल्याचा क्रमांक पडत नाही आणि आरोपींच्या नावाने शोधून काही हाती लागत नाही. समरी मंजूर करण्यापूर्वी फिर्यादीला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने भगवंत सिंग खटल्यात १९८५ सालीच सांगितले. सूचना न मिळालेल्या फिर्यादीने ठाण्यातून समरी पाठवल्याचा दिनांक घ्यावा व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात तिच्या आदेशाची नक्कल मागावी.

न्यायालयातील क्रमांकांची साखळी

तालुक्याच्या ठिकाणी बहुधा एकच न्यायाधीश दिवाणी व फौजदारी अशी दोन्ही कामे पाहतात. फौजदारी कामात ते प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी असतात. तेथे दोषारोपपत्र नोंदले गेले, की प्रकरणाला ठाण्याच्या क्रमांकाहून वेगळा असा न्यायालयीन क्रमांक मिळतो. नियमित फौजदारी खटल्याला ‘आर.सी.सी.’ आणि संक्षिप्त रीतीने चालणाऱ्या खटल्याला ‘एस.सी.सी.’ म्हणतात. खून, दरोडा यांसारखे प्रकरण दंडाधिकारी सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात व तेथे त्याला सत्र खटला म्हणून पुन्हा नवा क्रमांक पडतो. जामीन अर्जाचा क्रमांक स्वतंत्र, अपिलाचाही स्वतंत्र. एकाच घटनेचे असे चार-पाच क्रमांक होतात. त्यांपैकी एखादाच हाती असलेला मनुष्य तालुक्याच्या न्यायालयात जातो तेव्हा ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर त्याला मिळते, आणि ते बहुधा खरेही असते.

समजा, एका गावातील मारामारीची खबर २०११ साली नोंदली गेली व पुढे जखमीचा मृत्यू झाला. खबर मारहाणीच्या कलमाने असेल, दोषारोपपत्र खुनाच्या कलमाने असेल, तालुक्याच्या नोंदवहीत प्रकरण ‘वर्ग’ एवढ्या शेऱ्याने संपलेले दिसेल, आणि निकालपत्र जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात असेल. शिक्षेविरुद्ध अपील झाले असल्यास मूळ कागदपत्रांचा संच उच्च न्यायालयाने मागवून घेतलेला असणे शक्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे काम मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर व पणजी येथील खंडपीठांत चालते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात फिरते खंडपीठ सुरू झाले आहे.

संगणकीय शोध

ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या संकेतस्थळावर जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रकरणांची स्थिती, पुढील तारीख, आदेश व निकाल पाहता येतात. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा ‘सी.एन.आर.’ क्रमांक असतो. त्यातील पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढील दोन जिल्ह्याची, नंतर दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे असतात. हा क्रमांक ज्ञात नसेल तर पक्षकाराचे नाव, खटल्याचा क्रमांक, वकिलाचे नाव, कायदा किंवा प्रथम खबरीचा क्रमांक यांवरून शोध घेता येतो.

यांपैकी खबरीच्या क्रमांकावरून घेतलेला शोध सर्वांत भरवशाचा. नावाचा शोध रोमन लिपीतील लेखनावर अवलंबून असल्याने त्यात मराठी नावांची दाणादाण उडते. एकच आडनाव तीन प्रकारे लिहिलेले असते, वडिलांचे नाव कधी असते कधी नसते, ‘उर्फ’ लावलेले नाव तर भलत्याच ठिकाणी जाते. शिवाय प्रथम आरोपीच्या नावापुढे ‘व इतर’ असे असल्यास बाकीच्यांची नावे सूचीवर दिसतातच असे नाही. उलट बाजूने पाहता नाव जुळले म्हणून माणूस तोच असेही होत नाही. एकाच तालुक्यात एकाच नावा-आडनावाच्या अनेक व्यक्ती असतात, आणि वय, गाव व वडिलांचे नाव पडताळल्याशिवाय निष्कर्ष काढल्यास निरपराध माणसाची नाहक बदनामी होते. ‘निकाली’ हा शेराही नीट वाचावा. दोषसिद्धी, निर्दोष मुक्तता, तडजोड, खटला वर्ग होणे या सर्वांनंतर प्रकरण निकालीच निघते. निकालाचा प्रकार पाहिल्यावाचून या शब्दाला अर्थ नाही.

संगणकीकरणापूर्वीच्या प्रकरणांच्या नोंदी सर्वत्र भरलेल्या नाहीत. संकेतस्थळावर प्रकरण न सापडणे हा ते नसल्याचा पुरावा मानता येत नाही. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला निकाल वाचनासाठी पुरेसा असला तरी कचेरीत दाखल करावयाची प्रत नक्कल विभागाची प्रमाणित प्रतच असावी लागते.

नक्कल मिळवण्याची रीत

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३६३ आणि तिची जागा घेणाऱ्या नव्या संहितेचे कलम ४०४ नकलेच्या हक्काचा पाया आहे. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत तत्काळ व विनामूल्य मिळते. निकालाने बाधित झालेल्या कोणत्याही व्यक्तीला शुल्क भरून निकाल, आदेश, साक्ष वा अभिलेखाचा अन्य भाग मिळतो. बाधित नसलेल्या तिऱ्हाइतासाठी उच्च न्यायालयाचे नियम लागू होतात. तिऱ्हाइताला अर्जात कारण सांगावे लागते व न्यायालयाचा आदेश मिळवावा लागतो.

अर्ज त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात कोर्ट फी तिकीट लावून दिला जातो. खटल्याचा प्रकार, क्रमांक, वर्ष, पक्षकारांची नावे, निकालाचा दिनांक आणि नेमका कोणता कागद हवा हे त्यात लिहावे. ‘सर्व कागदपत्रे’ असे लिहिल्याने खर्च व विलंब दोन्ही वाढतात. दिनांक ठाऊक नसल्यास न्यायालयातील नोंदवहीचा शोध घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अर्जाचा अनुक्रमांक व पुढील तारीख लिहून घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये. दूरच्या गावाहून एस.टी.ने येणाऱ्याची दुसरी फेरी बहुतेक वेळा याच दोन आकड्यांवाचून फुकट जाते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व कोठडीत असलेले इसम यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे जावे.

१९९८ च्या अधिसूचनेने दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली असली, तरी निकालपत्रे दोन्ही भाषांत आढळतात. मोटार अपघाताच्या प्रकरणी वाहनाचा व चालकाचा तपशील दावेदाराला पुरवण्याचे कर्तव्य मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६० ने पोलीस ठाण्यावर टाकलेले आहे.

माहितीच्या अधिकाराची मर्यादा

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. पोलिसांच्या बाबतीत कलम ८ मधील तपासात अडथळा येण्याचा अपवाद पुढे केला जातो. मात्र तपास चालू आहे एवढेच सांगून भागत नाही, माहिती दिल्याने त्यास बाधा कशी येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली भगत सिंग प्रकरणात म्हटले. न्यायालयीन कागदांसाठी मात्र हा मार्ग नव्हे. न्यायालयाचे स्वतःचे नक्कल-नियम असताना प्रती त्यांच्याखालीच मागाव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२० मधील निकाल आहे.

न्यायालयाबाहेरील प्रकरणे

शांतताभंगाच्या भीतीने केलेली कारवाई लोकभाषेत ‘चॅप्टर केस’ म्हणून ओळखली जाते. जुन्या संहितेची कलमे १०७, ११०, १५१ आणि नव्या संहितेची १२६, १२९, १७० ही तिची कलमे. ग्रामीण भागात ती तालुका कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने तहसीलदारापुढे चालते. तिचे कागद तहसील कार्यालयात असतात व ई-कोर्ट्सवर दिसत नाहीत. सण वा निवडणुकीच्या तोंडावर अनेकांकडून बंधपत्रे घेतली जातात. ही कारवाई म्हणजे गुन्ह्याबद्दलची शिक्षा नव्हे, हे चारित्र्य पडताळणीच्या वेळी लक्षात ठेवावे लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ व ५७ खालील तडीपारीचे आदेश उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे शोधावेत. वनगुन्ह्यांची पहिली नोंद वन विभाग करतो, अवैध दारूचे काही गुन्हे राज्य उत्पादन शुल्क विभाग स्वतः नोंदवतो आणि रेल्वेच्या हद्दीतील घटना लोहमार्ग पोलिसांकडे जातात. निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांवरील प्रकरणांचा तपशील त्यांच्या प्रतिज्ञापत्रात खटल्याच्या क्रमांकासह खुला असतो.

गोपनीय अभिलेख

बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पूर्वी ही तरतूद भारतीय दंड संहितेच्या २२८-अ कलमात होती. विधिसंघर्षग्रस्त बालकाची नोंद बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार गुप्त ठेवली जाते, आणि काही अपवाद सोडता ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जाते. दोषसिद्धीमुळे येणारी अनर्हता अशा बालकाला सामान्यतः चिकटत नाही.

जुने अभिलेख

न्यायालयातील सर्वच कागद कायम राहत नाहीत. अभिलेख नष्ट करण्याबाबतच्या १९१७ च्या अधिनियमाखाली उच्च न्यायालयांना नियम करण्याचा अधिकार आहे. नियमांनी ठरवलेली मुदत संपली, की जबाब, पंचनामे व किरकोळ अर्ज काढून टाकले जातात. किरकोळ खटल्याचा संच गंभीर खटल्याच्या आधी जातो. संच नष्ट झालेला असला तरी खटल्याची नोंदवही शिल्लक असू शकते. अशा वेळी नोंदवहीतील उताऱ्याची नक्कल आणि ‘अभिलेख नष्ट’ असा लेखी शेरा या दोन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. पडताळणी करणारी कचेरी तोंडी उत्तर ग्राह्य धरत नाही.

स्वातंत्र्यपूर्व काळातील गुन्हे व खटल्यांचे संशोधन करणाऱ्यास महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाकडे वळावे लागते. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेल्या दप्तरखान्यात मुंबई इलाख्याच्या न्याय विभागाचे खंड आहेत. पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही पुराभिलेखागारे आहेत. प्रदेशानुसार लिपी व भाषा पालटते. कोल्हापूर संस्थान १९४९ साली विलीन झाले, त्याच्या जुन्या कागदांसाठी मोडी वाचता यावी लागते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तेथील निजामकालीन दप्तर मुख्यत्वे उर्दूत आहे. विदर्भ त्याच वर्षापर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड आणि नंतर मध्य प्रदेश या राज्यात असल्याने त्याच्या अभिलेखांचा शोध नागपूरपासून सुरू करावा.